मण्यार की कवड्या? आधी मानेकडे बघा

प्रश्न : रात्री बाथरूमच्या दाराशी साधारण दोन फुटी काळपट साप दिसला, अंगावर पांढरे आडवे पट्टे. घरातले म्हणतात मण्यार, शेजारचे काका म्हणतात कवड्या आहे, बिनविषारी, सोडून द्या. ओळखायचं कसं? घोणस आणि फुरसं यांच्यातही माझा असाच घोळ होतो.

उत्तर : रंगावर जाऊ नका, टॉर्चच्या उजेडात तपकिरी कवड्याही काळाच दिसतो. पट्टे सुरू कुठून होतात ते बघा. मण्यारच्या मानेजवळ पट्टे नसतात किंवा अगदी पुसट असतात, आणि शेपटीकडे जाताना ठळक होतात, बारीक आणि बरेचदा जोडीजोडीने. कवड्याचं बरोबर उलटं, मानेपाशी ठळक आणि मागे विरत गेलेले. पण मण्यारच्या पिल्लाला पुढेही पट्टे असू शकतात आणि एखाद्या मोठ्या मण्यारला पट्टेच नसतात, म्हणजे परत पंचाईत! खात्रीची खूण म्हणजे पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची रांग, मण्यारमध्ये ते खवले बाजूच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात, कवड्यात सगळे सारखेच. लांबूनच फोटो काढा आणि मग झूम करून बघा. दोन फूट लांबीवरून काहीच ठरत नाही, पूर्ण वाढलेला कवड्या तेवढाच असतो आणि लहान मण्यारही.

आणि काकांना एक सांगा, चावल्यावर दुखलं नाही, सूज नाही म्हणून तो कवड्या असं धरून बसू नका, कारण मण्यारचा दंश बहुतेकदा असाच असतो, झोपेत तर कळतही नाही, आणि काही तासांनी पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, श्वास अडतो. थेट हॉस्पिटल गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघूनच ठरवतात.

घोणस-फुरसं त्यामानाने सोपं. घोणस जाडजूड, पाठीवर साखळीसारखे गडद लंबगोल ठिपके, तीन रांगांत, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. फुरसं लहान, बहुतेक फूट-दीड फूट, डोक्यावर बाणासारखी खूण, बाजूने नागमोडी फिकट रेघ. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. लोक घोणसीला अजगराचं पिल्लू समजून उचलतात, तसला उद्योग मात्र करू नका.