गरोदरपणात ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी साखर आटोक्यात येते का?

सत्ताविसाव्या आठवड्यात साखर वाढलेली निघाली, ड जीवनसत्त्वही कमी आहे, तर गोळ्या नेमाने घेतल्यास इन्सुलिन टळेल का, असे तुम्ही विचारले आहे. टळेल असे धरून चालू नका. मी तसे धरून चालले आणि तीन आठवडे गमावले.

माझ्या पहिल्या खेपेला सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी झाली, तेव्हा उपाशीपोटीची साखर १०१ आली. निदानाच्या या चाचणीत मर्यादा ९२ ची आहे. ड जीवनसत्त्व १४ (नॅनोग्रॅम/मिलि) निघाले, म्हणजे कमतरतेच्या २० या सीमेच्या बरेच खाली. डॉक्टरांनी आहार आखून दिला, गोळ्या लिहून दिल्या आणि दोन आठवड्यांत साखर न उतरल्यास इन्सुलिन सुरू करावे लागेल, असे स्पष्ट सांगितले. माझ्या मोठ्या जाऊबाईंचे म्हणणे असे, की ड जीवनसत्त्वाची कमतरता हेच साखरेचे मूळ आहे, ती भरून निघाली की साखर आपोआप उतरेल आणि इन्सुलिन मात्र एकदा लागले की जन्मभर सुटत नाही. सुईची धास्ती मलाही होतीच, म्हणून मी डॉक्टरांची पुढची भेट लांबवली. रोज सकाळी बोट टोचायचे आणि आकडा वहीत लिहायचा: १०३, १०४, १०६, १०८. एकही गोळी चुकली नव्हती, जेवणानंतरची साखर १४० च्या आत होती, तरी सकाळचा आकडा चढतच होता. एकतिसाव्या आठवड्यात रात्रीचे इन्सुलिन सुरू झाले, मात्रा दोनदा वाढवावी लागली, आणि दहाव्या दिवशी मी वहीत ९१ लिहिले.

छत्तिसाव्या आठवड्यात ड जीवनसत्त्व ३१ वर पोचले, तेव्हा जाऊबाईंनी निकाल दिला की गोळ्यांनीच साखर उतरली. त्या अजूनही हेच सांगतात, आणि घरात कोणाला दिवस गेले की हा सल्ला पुन्हा निघतो. नुसत्या गोळ्यांवर काढलेल्या त्या तीन आठवड्यांची पाने मी अजून जपून ठेवली आहेत. गोळ्यांना वेळच मिळाला नाही, हा त्यांचा युक्तिवाद एका अर्थी खरा आहे, कारण रक्तातील पातळी भरून यायला दोन-तीन महिने लागतात. पण वारेतून येणारी संप्रेरके इन्सुलिनचा परिणाम दर आठवड्याला आणखी बोथट करत असतात, ती तेवढे थांबत नाहीत. आईची साखर जितकी चढी, तितके बाळ अधिक वजनदार होण्याचा संभव वाढतो, हे सुमारे २३,००० गर्भवतींच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे.

जाऊबाईंनी वाचलेले अगदीच निराधार नव्हते, हेही सांगायला हवे. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर ड जीवनसत्त्वाला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, हे जीवनसत्त्व कमी असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील मधुमेह अधिक आढळतो, आणि काही लहान चाचण्यांत गोळ्यांनी उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेलीही आहे. परंतु जास्त वजन असले की ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह या दोन्ही गोष्टी बरोबरच आढळतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येही सर्व गर्भवतींना सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस केलेली नाही.

तुमची पातळी कमी असेल तर गोळ्या जरूर घ्या, कारण तुमच्या हाडांना आणि बाळाच्या कॅल्शियमला त्यांची गरज आहे. साखरेचा हिशेब मात्र वेगळा ठेवा. गरोदरपणात ड जीवनसत्त्वाची रोजची गरज साधारण ६०० युनिटची धरतात आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये. कॅल्शियमच्या आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांतही बहुधा ड जीवनसत्त्व असते, तेही या बेरजेत धरा. घरी मोजलेला सकाळचा उपाशीपोटीचा आकडा वारंवार ९५ च्या वर जात असेल तर वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तुमची मात्रा तेच ठरवतील, माझ्या आकड्यांवरून ती ठरवू नका.

आणि ‘जन्मभर सुटत नाही’ या भीतीपोटी तर मुळीच थांबू नका. माझे इन्सुलिन प्रसूतीच्या दिवशीच बंद झाले आणि सहा आठवड्यांनंतर केलेली ७५ ग्रॅमची चाचणी नॉर्मल आली.