दोन्ही जमतं, पण त्यासाठी जागा राखावी लागते

ताई, तुमची लेक 16 वर्षांची आहे, पियानोवर हात चांगला बसलाय, आणि आता स्वतःच्या रचनाही कागदावर उतरवते. वादन आणि रचना दोन्ही जमेल का, आणि तिचा लाडका रशियन पियानोवादक-रचनाकार राख्मानिनॉव रशिया सोडल्यावर इतकं कमी का लिहू लागला, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, दोन्हींचं उत्तर एकच आहे.

सर्गेई राख्मानिनॉव स्वतः 16 वर्षांचा होता तेव्हाच हा पेच उभा राहिला. मॉस्कोत तो निकोलाय झ्वेरेव या पियानो शिक्षकांच्या घरी राहून शिकत होता. आपल्या ग्वाल्हेरच्या गवयांकडे शिष्य राहायचे ना, तसंच. फी नाही, पण शिस्त कडक, सकाळी सहाला पियानोवर बसायचं. घरातली बाकीची मुलंही वाजवत असायची, त्यात याला रचना कुठून सुचणार? 1889 मध्ये त्याने लिहिण्यासाठी वेगळी जागा मागितली. झ्वेरेव भडकले, बोलणं बंद झालं आणि पोराला ते घर सोडून नातेवाइकांकडे जावं लागलं.

पुढे त्याला ही जागा मिळाली ती रशियातल्या इवानोव्का या खेड्यातल्या वाड्यात. हिवाळ्यात मैफली, उन्हाळ्यात तिथे जाऊन लेखन. 1897 मध्ये पहिली सिंफनी सपशेल पडली, त्यानंतर जवळपास तीन वर्षं लेखणी अडली, डॉक्टर निकोलाय डाल यांच्या उपचारांनी ती पुन्हा चालू लागली. पण एकंदरीत 1917 पर्यंत 39 ओपस, म्हणजे क्रमांक देऊन प्रसिद्ध केलेल्या रचना किंवा रचनासंच, झाले. मग क्रांती झाली. डिसेंबर 1917 मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी, बायको आणि दोन मुलींना घेऊन तो बाहेर पडला. इवानोव्का गेलं. पोट भरायला हातात होता फक्त पियानो.

तोवर मंचावर तो मुख्यतः स्वतःचंच वाजवायचा. आता बेटोफन, शोपँ, लिस्ट, सगळ्यांचं वाजवायचं होतं, तेही अमेरिकाभर फिरत. अब्राम चेसिन्स या पियानोवादकाने त्याचा रियाज दाराबाहेरून ऐकला होता. शोपँचा एट्यूड, म्हणजे तंत्र घोटवणारी रचना, चालला होता; मधला एक स्वर सोडून दोन स्वर एकदम वाजवायच्या जोड्यांचा, पण इतका संथ की ओळखायलाच वेळ लागला; एका मात्राखंडाला सुमारे वीस सेकंद. तुमच्या लेकीला हे जरूर करून बघायला सांगा, फार अवघड आहे.

एवढ्या मेहनतीत रचनेला उरणार काय? पुढच्या 25 वर्षांत फक्त सहा ओपस. लोक त्याला आळस किंवा मायदेशाची ओढ म्हणतात. ओढ होतीच. पण हे बघा, 1930च्या दशकात त्याने स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी सेनार हे घर बांधलं आणि 1934च्या उन्हाळ्यात तिथेच पियानो आणि वाद्यवृंदासाठीची पॅगानिनी रॅप्सडी दोन महिन्यांच्या आत लिहून पूर्ण केली. जागा आणि सलग दिवस मिळाले की लिखाण परत आलं.

हे मी इतक्या कळकळीने सांगते त्याला कारण आहे. रामबागेत मी 30 वर्षं पियानो शिकवते. एक मुलगा यायचा, त्याची निळ्या पुठ्ठ्याची वही कायम माझ्या जुन्या अपराइट (उभ्या) पियानोवर पडलेली. त्या पावसाळ्यात दमटपणाने मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वरच यायची नाही, तर त्याने तो स्वर वगळून एक चाल बांधली होती. सुंदर होती. ग्रेड परीक्षा चार महिन्यांवर होती, मी म्हटलं, "वही आता ठेवून दे." परीक्षेत उत्तम गुण मिळाले. वही त्याने परत उघडली नाही. ती चूक माझी होती.

म्हणून ताई, क्लास, परीक्षा, स्पर्धा सगळं चालू द्या, पण आठवड्यातली एक सकाळ तिच्या लेखनाची ठरवा. त्या सकाळी स्केल नाही, परीक्षेचे तुकडे नाहीत. घरी पियानो एकच असेल तर त्या वेळी धाकट्यांनाही वाजवू देऊ नका. आणि जे लिहिलं असेल ते लगेच वाजवून दाखव म्हणू नका, तिला वाटेल तेव्हा ती स्वतःच बोलावेल.