नॉर्वेजियन जोडशब्दांत आघात कुठे येतो?

मुख्य आघात, म्हणजे उच्चारातला जोर, जवळजवळ नेहमी पहिल्या घटकावर येतो. दुसऱ्यावर दुय्यम आघात राहतो, पण त्याच्या स्वराची लांबी सहसा टिकते, आणि आपण चुकतो ते इथेच. 'हूस' म्हणजे घर, 'ताक' म्हणजे छप्पर; 'हूसताक' म्हणताना जोर 'हू'वर, तरी 'ता' दीर्घच. हा 'ता' आखूड केलात तर 'तक्क', म्हणजे 'आभार', ऐकू येईल. एकच मुख्य आघात ही शब्द एक असल्याची खूण: 'रॉइकफ्रित' जोडून म्हटलं की 'धूम्रपानमुक्त', दोन्ही भागांवर सारखा जोर दिला की 'खुशाल सिगारेट ओढा'. अपवाद थोडे आहेत, ते पाठच करा: 'ओरहुंद्रे' (शतक) मध्ये जोर 'हुं'वर, तर क्रिस्तियानसान शहराच्या नावात शेवटच्या 'सान'वर.