धीट आणि धृष्ट

धंतोली, नागपूर

बेटा,

अहवालातली चूक दाखवलीस म्हणून साहेबांनी मेलमध्ये तुला सुनावलेलं ते वाक्य तू मला तीनदा पाठवलंस. त्यातला 'ऑडॅसिटी' हा शब्द तुला फार लागलेला दिसतो. अहवालात ३ मिलियनचे ३ लाख झाले होते, ३० लाख हवे होते. चूक तू दाखवलीस ते बरोबरच केलंस. आता शब्दाकडे बघू.

त्याचं मूळ लॅटिन 'औदेरे', म्हणजे धजणं. आणखी मागे गेलं की 'अविदुस' भेटतो, म्हणजे आसुसलेला. 'अ‍ॅव्हिड रीडर' मधला अ‍ॅव्हिड तिथलाच. मला हे फार मोलाचं वाटतं. धजण्याच्या मुळाशी कशाची तरी ओढ आहे. तुला अहवाल बिनचूक हवा होता, म्हणून तू बोललीस. इंग्रजीत मात्र या शब्दाला दोन अर्थ चिकटले, धाडस आणि उर्मटपणा. साहेबांनी दुसरा उचलला.

आपल्याकडेही तेच. संस्कृतात 'धृष्' म्हणजे धजणं. त्यावरून 'धृष्ट'. काव्यशास्त्रातला धृष्ट नायक अपराध करूनही निलाजरा उभा राहतो. हाच शब्द प्राकृतातून मराठीत 'धीट' होऊन आला आणि येताना त्याचा डाग धुऊन निघाला. आजी 'पोरगी धीट आहे हो' म्हणते ते कौतुकानंच. इंग्रजी 'डेअर'सुद्धा याच घराण्यातला, धीटचा दूरचा भाऊ.

१९२३ साली आपल्या नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती. सत्याग्रही तुकडी-तुकडीनं निघत आणि पकडले जात. सरकारच्या लेखी तो उद्दामपणा होता, गावाच्या लेखी धिटाई. पावलं तीच, रस्ताही तोच.

मी तेवीस वर्षांचा असताना एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. एका लग्नपत्रिकेत नवरीच्या आईचं नाव गळलेलं दिसलं. मालक तापट होते, मूळ मजकुरातच नसेल अशी मनाची समजूत घालून मी गप्प बसलो. पाचशे पत्रिका छापल्या गेल्या. घ्यायला ती आईच आली. पहिली पत्रिका हातात धरून तिनं ओळीवरून बोट फिरवलं, परत वर नेलं, परत फिरवलं. मग गठ्ठा पिशवीत घालून ती निघून गेली. एक शब्द बोलली नाही. ते बोट मला अजून दिसतं.

म्हणून चूक दाखवल्याबद्दल माफी मागू नकोस. पण तुझा मेल मी पुन्हा वाचला. शेवटी 'एवढंही कळत नाही का?' असं लिहिलं आहेस. बेटा, ते धृष्ट आहे. तेवढ्या वाक्याबद्दल सरळ माफी माग, आणि खाली ३० लाखांचा हिशेब पुन्हा मांड. पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. रविवारी सकाळी घरीच आहे, ये. तर्री-पोहे खाता खाता बघू.

तुझा,
काका