सुटे भाग जुळवून बास गिटार: भोक पाडण्याआधी मापं घ्या

पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) कुठला घ्यायचा हे नंतर बघा, आधी नेकची, म्हणजे गिटारच्या दांड्याची, टाच (बॉडीत बसणारं टोक) मोजा. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या बहुतेक बास नेकची टाच ६३.५ मिमी रुंद असते, त्यामुळे त्यांच्या जॅझ मॉडेलचा नेक प्रिसिजन मॉडेलच्या बॉडीत सहसा बसतो. तरी कॅलिपर लावाच. बॉडीतली नेकची खाच किंचित घट्ट असेल तर सँडपेपरने हलकेच घासा. नेक ठोकून बसवलात तर कोपऱ्यातल्या रंगाला तडे जातात.

खरी गडबड होते ती ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) ८६४ मिमी, आणि नट ते बारावा फ्रेट (नेकवरची धातूची पट्टी) ४३२. सर्वात बारीक ‘जी’ (G) तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून ८६४ वर ठेवा, कारण इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) लावताना सॅडल मागेच सरकवावी लागतात, जाड ‘ई’ (E) तारेचं सर्वात जास्त. नेक क्लॅम्पने धरा, नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोरा ताणा. दोन्हीकडे फ्रेटच्या कडेपासून अंतर सारखं दिसलं, तरच खुणा करा. इथे अर्धा तास गेला तरी चालेल, चुकलेलं भोक बुजवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

नेकचे स्क्रू बॉडीतल्या भोकांतून सैल जायला हवेत, पकड फक्त नेकच्या लाकडात. मेपल कडक असतं, म्हणून स्क्रूला मेण लावा, नाहीतर डोकं तुटतं.

पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपना सहसा २५० के (किलोओहम) पॉट, म्हणजे आवाज-टोनची फिरती बटणं. ब्रिजखालची अर्थची वायर विसरलात, तर तारांना हात लावूनही गुणगुण कमी होणार नाही.