गोळ्या बंद झाल्या, पण बीपीची वही बंद करू नका

प्रश्न : चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात मला प्रीएक्लॅम्प्सिया झाला. बीपी 160/110 पर्यंत गेला आणि 33व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. दीड महिन्यात गोळ्या सुटल्या. आता वय 34, त्रास काहीच नाही. तरीही हृदयाची तपासणी करायला हवी का?

उत्तर : हो, करायला हवी. मात्र ती महागडी नाही आणि त्यासाठी अँजिओग्राफीही लागत नाही.

प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बहुधा लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार. त्यात वारेतून (प्लासेंटातून) रक्तात उतरणारे काही घटक रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात. वार बाहेर पडली की बीपी उतरतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की विषय संपला. पण अस्तराची इजा पूर्ण भरून येतेच असं नाही. शिवाय अनेकींच्या शरीरात बीपीचा कल आधीपासून असतो आणि गरोदरपणाच्या ताणात तो पहिल्यांदा उघड होतो. पुढे कायमचा बीपी जडण्याची शक्यता इतर बायकांच्या तीन ते चार पट, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताची साधारण दुप्पट, तर हार्ट फेल्युअरची (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडण्याची) सुमारे चौपट असते. 34व्या आठवड्याच्या आत बाळंतपण करावं लागलं किंवा हा आजार दोनदा झाला, तर धोका आणखी वाढतो. तुम्ही या गटात येता.

पटीचे आकडे ऐकून धस्स होतं. तिशीत हार्ट अटॅकचा मुळातला धोका फारच थोडा असतो, त्यामुळे त्याची दुप्पटही थोडीच. पन्नाशीत तीच दुप्पट जड जाते. म्हणजे हातात वेळ आहे, आणि तो वाया घालवू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

दरवर्षी बीपी मोजा. रक्तातली साखर आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबीची तपासणी) आता एकदा करून घ्या, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, या मूत्रपिंडाच्या तपासण्याही करून घ्याव्यात, कारण या आजारात मूत्रपिंडालाही झळ लागते. नुसता ईसीजी काढून 'नॉर्मल आहे' म्हणत निर्धास्त होऊ नका. वाढलेला बीपी किंवा कोलेस्टेरॉल ईसीजीत वर्षानुवर्षं दिसत नाही.

आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. त्यावरचा बाळंतपणाचा आठवडा, सर्वांत जास्त बीपी आणि लघवीतली प्रथिनं हे तीन तपशील पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा. 'गरोदरपणात बीपी होता का?' असं विचारायचं बरेचदा राहून जातं, तेव्हा ते आपणच सांगायचं.

प्रश्न : घरच्या मशीनवर वरचा बीपी कधी 128, कधी 146 येतो. मशीन बिघडलंय का?

उत्तर : बहुतेक वेळा मशीनपेक्षा मोजण्याची पद्धत चुकते. अर्धा तास आधी चहा-कॉफी आणि धूम्रपान नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला हवा आणि हात टेबलावर टेकलेला. हात अधांतरी राहिला, पायावर पाय टाकला किंवा मोजताना बोललं, तरी आकडा चढतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर तो हमखास जास्त येतो, म्हणून टेपने दंडाचा घेर मोजून त्याच मापाचा पट्टा घ्या.

सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती 135/85 किंवा जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात नॉर्मल आणि घरी वाढलेला बीपी या आजारानंतर बराच आढळतो, म्हणून घरच्या नोंदीला आम्ही एवढं महत्त्व देतो.

बाळंतपण नुकतंच झालं असेल तर नियम वेगळा. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात, म्हणजे अनेकदा घरी परतल्यावर, बीपी पुन्हा उसळतो. 160/110 किंवा त्यावर आकडा, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, धाप लागणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि तीन महिन्यांनंतरही बीपी वाढलेलाच असेल, तर तो आता गरोदरपणातला राहिला नाही. उपचार सुरू ठेवावे लागतात.

प्रश्न : दुसरं मूल हवंय. बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं?

उत्तर : दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा. एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर ती बदलून घ्यावी लागते, कारण या गोळ्या गर्भाला अपाय करतात. मनाने मात्र बंद करू नका. हा आजार पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहात एक असते. ती कमी करायला 12व्या आठवड्यापासून, 16व्या आठवड्याच्या आतच, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. मात्रा डॉक्टर ठरवतील. तोवर वजन आटोक्यात आणा, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा (पाकिटबंद पदार्थांतलं धरून) आणि आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. बीपी चढा असेल तर पाळणा लांबवायला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळा, तांबी चालते.