तूप किती मिनिटं कढवायचं?

प्रिय सई,

शाळेत एखादी कृती पायरीपायरीने लिहून आणायला सांगितली आणि तू आजीचं तूप निवडलंस, याचा मला फार आनंद झाला. काल फोनवर तू आजीला विचारलंस, "किती मिनिटं कढवायचं?" ती म्हणाली, "तडतड थांबेपर्यंत." मग तू माझ्याकडे आलीस: आजी नीट आकडा का सांगत नाही? वहीत तेवढी जागा रिकामी राहिली आहे, म्हणून हे पत्र.

सई, आजीचं उत्तर आकड्यापेक्षा नेमकं आहे. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं. घरच्या लोण्यात ते पाणी दर वेळी कमीजास्त; कधी ताक नीट निथळलेलं नसतं, कधी गोळाच मोठा असतो. लोणी वितळलं की फेस येतो आणि पाणी उकळून तडतडायला लागतं. पाणी आहे तोवर आच त्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून तापमान 100 अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी संपत आलं की आवाज मंदावतो आणि तापमान भराभर चढतं. मग तळाशी बसलेले दुधाचे कण तांबूस होतात. तीच आपली बेरी, आणि तुपाचा खमंग वास येतो तो तिच्यामुळे. इथे जरा दुर्लक्ष झालं तरी बेरी करपते. म्हणून त्या वेळी आजी कुणाशी बोलत नाही. गॅस बंद केल्यावर ती तुपात विड्याचं पान टाकते, तेव्हा एकदाच चर्र होतं.

आधीच्या पायऱ्याही अशाच. साईला विरजण लावायचं ते आंबूस वास येऊन घट्ट लागेपर्यंत. थंडीत जास्त वेळ लागतो. घुसळताना स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटायला हवेत. ते फार गार असले तर चिकटत नाहीत, फार कोमट असले तर लोणी मऊ पडतं आणि बरंचसं ताकातच राहतं. म्हणून आजी मे महिन्यात बर्फाचं पाणी घालते आणि डिसेंबरात कोमट. लोणी यायच्या आधी सगळं घट्ट होतं, मग एकदम फुटतं आणि रवीचा आवाज पाणचट होतो.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी रोज दूध तापवून ठेवायचे, पण वर नुसता पापुद्रा यायचा. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय. नंतर कळलं, इथलं दूध मोठ्या दाबाने बारीक फटीतून ढकलतात. स्निग्धांशाचे थेंब इतके बारीक होतात की ते वर येतच नाहीत. आजीच्या म्हशीच्या दुधावरची जाड साय आठवून मी तेव्हा रडले होते. आता मी विकतच्या क्रीमला विरजण लावते. चव थोडी वेगळी येते, पण तूप रवाळ होतं. कढवल्यावर ते हळूहळू गार होऊ द्यायचं, की कणी धरते.

तुझ्या वहीत मिनिटांच्या जागी आजीचेच शब्द लिही, आणि खाली पाण्याचं कारण. बाईंना ते नक्की पटेल.

क्रीमला कालच विरजण लावलंय. रविवारी पातेल्याजवळ स्टुलावर बस, बाबा दार लावून घेतील म्हणजे टीव्हीचा आवाज येणार नाही. गॅस कधी बंद करायचा ते या वेळी तू सांग.

तुझी,
आई